कवटीतील वाढता दाब : नाडीआधी शुद्ध पाहावी

बुऱ्हाणपुरात डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी इंदूरला हलवायचे ठरले, की पुढे सुमारे 180 किलोमीटरचा रस्ता असतो. निघण्यापूर्वी आणि वाटेत धोका हेरण्याचे काम बव्हंशी परिचारिकेच्या नजरेवर येऊन पडते.

प्रौढाची कवटी प्रसरण पावत नाही. आत रक्तस्राव वा सूज वाढली, की आरंभी मेंदूभोवतालचे द्रव व शिरांतील रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ही सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. एरवी तो 7 ते 15 मिलिमीटर पारा असतो. 22 च्या वर गेल्यास उपचार करावे लागतात.

रक्तदाब चढणे, नाडी मंदावणे, श्वास अनियमित होणे ही लक्षणे प्रसिद्ध आहेत खरी. पण ती फार उशिरा दिसतात. त्याआधी शुद्ध ढळू लागते. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे आणि नातलगांना साधी झोप वाटावी अशी गुंगी. म्हणून अशा रुग्णाला दर अर्ध्या तासाने हाक मारून जागे करावे लागते, मग घरचे कितीही रागावोत. 1974 पासून रूढ असलेल्या ग्लासगो कोमा स्केलवर 3 ते 15 गुणांत शुद्धीची नोंद होते. एकटा आकडा फारसे सांगत नाही; 14 चे 12 झाले, हे पुष्कळ सांगते. एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर डॉक्टरांना तत्क्षणी कळवावे. मानेला इजा नसल्यास उशाकडची बाजू 30 अंश उंच व मान सरळ ठेवावी. नोंदींचा तक्ता मात्र रुग्णासोबतच इंदूरला जायला हवा. बुऱ्हाणपुरातला पहिला आकडा तिथे दुसरे कोणी सांगू शकत नाही.