याडीची सुई

कला म्हटली की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवते. तांड्यातल्या बाईची काचळी आठवत नाही. मलाही आठवत नसे. उलट माझी याडी, म्हणजे आई, आरशांची काचळी आणि फेटिया घालून अहमदपूरला कॉलेजात आली, तेव्हा मी मैत्रिणींच्या मागे लपले होते.

या उन्हाळ्यात ती ऊसतोडीहून परतली. डोळ्यांनी नीट दिसेना, म्हणून अर्धवट काचळी तिने माझ्या हाती दिली.

आरशाला भोक नसते, मग तो कापडावर टिकतो कसा? प्रथम त्यावरून दोन उभे, दोन आडवे दोरे ताणून चौकट करायची. मग तिच्यात सुई अडकवून कडेने गोल काजटाके घालायचे. दोरे कडेला ओढले जातात, आरसा मध्ये उघडा राहतो. चौकट सैल राहिली की आरसा निसटतो. माझे पहिले तीन निसटले. याडी म्हणाली, "उसव, पुन्हा घाल." कवडीची मात्र पाठ घासून काढतात, म्हणजे दोरा ओवता येतो.

कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या तांड्यात मात्र माझ्या वयाच्या एकीलाही हा टाका येत नाही.

याडीला अक्षरओळख नाही. माझ्या प्रवेशअर्जावर तिचा अंगठा आहे. तरी त्या महिन्यात निरक्षर मीच होते. काचळीवर अजून अकरा आरसे बसवायचे आहेत. दसऱ्यानंतर ती पुन्हा उसाला जाईल, त्याआधी ते पूर्ण व्हायला हवेत.