चौकटीबाहेरचा माईक

लॉस एंजेलिसच्या एका जुन्या चित्रपटगृहात ‘डोलेमाइट’ (1975) आणि त्याच्या, म्हणजे कृष्णवर्णीय नायकांच्या मारधाडपटांच्या, साऱ्या कुळाचे विडंबन करणारा ‘ब्लॅक डायनामाइट’ (2009) हे दोन चित्रपट एकाच रात्री पाठोपाठ लागणार असल्याचे कळले, तेव्हा माझे कुतूहल चाळवले ते त्या क्रमामुळे. ज्याची थट्टा करावयाची त्याला आधी मानाने पडद्यावर आणावे आणि मगच थट्टेस आरंभ करावा, हा शिष्टाचार विडंबनाच्या व्यवहारात विरळाच. प्रक्षेपणाच्या खोलीत बसण्याची परवानगी मिळाली. यंत्र चालविणाऱ्या वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थांनी ‘डोलेमाइट’च्या कुळातले चित्रपट तरुणपणी रांगेत उभे राहून पाहिले होते. त्यांनी जुन्या फितीचा डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस दर्प खोलीभर पसरला. ॲसिटेटची फीत जीर्ण होऊ लागली की असा वास सुटतो, आणि तो अजूनही मला त्या खोलीत ओढून नेतो.

या कुळाचा आरंभ 1971 सालचा. त्या साली मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा ‘स्वीट स्वीटबॅक’ आरंभी डेट्रॉइट आणि अटलांटा येथील केवळ दोन चित्रपटगृहांत लागला. त्याच वर्षी गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ आला. आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकही तिकिटे काढतो, हे हॉलिवुडच्या हिशेबनिसांच्या एकाएकी ध्यानात आल्यावर अशा चित्रपटांचा पूर लोटला. दलाल आणि अमली पदार्थांचे व्यापारी नायक म्हणून मिरवू लागले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी त्याविरुद्ध तक्रार केली, आणि ती निराधार नव्हती. तथापि गोऱ्या पोलिसापुढे मान न वाकविणारा आपल्या वर्णाचा माणूस पडद्यावर प्रथमच पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याची दखल त्या तक्रारीत फारशी नव्हती.

‘डोलेमाइट’ची ख्याती अशी की, त्यात ध्वनिमुद्रणाचा माईक वारंवार पात्रांच्या डोक्यावर लोंबकळताना दिसतो. मीही तो पाहूनच हसलो होतो. परंतु त्या रात्री माईक जवळजवळ दिसेचना, म्हणून मी पृच्छा केली. गृहस्थांनी यंत्राच्या तोंडाशी बसवितात ती धातूची लहानशी चौकट मला दाखविली. फितीवर चित्र उंच उमटलेले असते. ही चौकट वरची-खालची पट्टी झाकते आणि रुंद चित्र तेवढे पडद्यावर जाते. छायाचित्रकाराने माईक त्या झाकल्या जाणाऱ्या पट्टीत ठेवला होता. पुढे व्हिडिओसाठी प्रती काढताना सबंध चित्र उघडे टाकले गेले, आणि ज्यांनी आपले काम रीतसर केले होते, त्यांच्या माथी गबाळेपणाचा शिक्का कायमचा बसला. खेळ संपल्यावर गृहस्थांनी एक तुकडा त्या चौकटीविना चालवून दाखविला, तेव्हा माईक वरून खाली उतरला. चौकट बसविली, तसा तो नाहीसा झाला.

त्यानंतर ‘ब्लॅक डायनामाइट’ लागला. “20 दिवसांत काढलाय हा,” गृहस्थ म्हणाले, आणि रीळ बदलताना पुन्हा म्हणाले, “20 दिवस.” या चित्रपटातही माईक नायकाच्या केसांपर्यंत येतो, नायक त्याच्याकडे तिरकस पाहतो आणि संवाद तसाच रेटतो. पहिल्या चित्रपटातल्या माईकवर ते गृहस्थ हसले नव्हते. या माईकवर मात्र ते मनमुराद हसले. इथला माईक चुकून आलेला नव्हता. त्या क्षणी, त्या उंचीवर, त्याच गतीने तो उतरावा यासाठी दांडी धरणाऱ्या माणसाला आपल्या कसबाची पराकाष्ठा करावी लागली असणार.

नायक मायकेल जय व्हाइट हे खरोखरीचे निष्णात कराटेपटू. जिम ब्राउनसारखे फुटबॉलपटू त्या काळी अभिनेते झाले होते. व्हाइट तशाच एका कल्पित खेळाडू-नटाची भूमिका करतात आणि तो नट ब्लॅक डायनामाइटची, म्हणजे अंगी असलेले कौशल्य झाकून अकुशलता साकारावयाची. दिग्दर्शक स्कॉट सँडर्स यांनी 16 मिलिमीटरची रिव्हर्सल फीत वापरली. तिचे रंग गडद येतात, पण प्रकाशाचा अंदाज जरासा चुकला तरी ती सांभाळून घेत नाही. अशा फितीवर 20 दिवस! संकलन आणि पार्श्वसंगीत एड्रियन यंग या एकाच माणसाचे, आणि संगीत जुन्या वाद्यांवर वाजविलेले. त्या पिढीच्या चित्रपटांच्या कित्येक मूळ प्रतींतील निळा-हिरवा उडून चित्रे गुलाबी पडली आहेत. त्या चित्रपटांचे रंग या विडंबनाने त्या प्रतींहून अधिक निष्ठेने जपले आहेत. अत्र्यांच्या विडंबनकवितांची ‘झेंडूची फुले’ फुलली, तीही त्यांनी समकालीन कवींची वृत्ते आणि लकबी पुरत्या आत्मसात केल्या होत्या म्हणूनच.

या प्रकारच्या विडंबनात मला सर्वाधिक आदर वाटतो तो कीनन आयव्हरी वेन्स यांच्या 1988 सालच्या ‘आय ॲम गॉना गिट यू सका’बद्दल. त्यांनी आयझॅक हेज आणि जिम ब्राउन या मूळ कलावंतांनाच भूमिका दिल्या, आणि ‘शाफ्ट’च्या गीतासाठी ऑस्कर मिळविलेले हेज या चेष्टेत आनंदाने सहभागी झाले. अँटोनियो फार्गस उंच टाचांच्या बुटांत जिवंत सोनमासे घालून जुन्या डौलाने रस्त्यावर उतरतात आणि नव्या पिढीची पोरे खिदळतात. त्या प्रसंगी मी पोरांच्या नव्हे, फार्गस यांच्या बाजूचा असतो. ‘ब्लॅक डायनामाइट’बद्दल माझी एकच तक्रार राहते: पॅम ग्रिअर यांच्या त्याच काळातल्या ‘कॉफी’तील परिचारिका स्वतः बंदूक उचलून सूड घेते, आणि इतक्या बारकाव्यांनिशी त्या काळाचा अभ्यास केलेल्या या चित्रपटात मात्र स्त्रियांच्या वाट्याला नायकाकडे कौतुकाने पाहण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही.