टेन्शन जास्त कुणाला, साहेबाला की शिपायाला?

‘मोठं पद म्हणजे डोक्याला ताप, हार्ट अटॅक यायचा तो साहेबालाच.’ कचेरीतला हा लाडका समज. त्याला १९५८ साली शास्त्राचा शिक्काही मिळाला. जोसेफ ब्रेडी या अमेरिकी संशोधकाने माकडं जोडीजोडीने बसवली आणि जोडीतल्या एकाच्या हाती कळ दिली. ती वेळेवर दाबली की दोघांचाही विजेचा झटका टळे. कळ सांभाळणाऱ्या ‘अधिकारी’ माकडांना पोटात अल्सर झाले, नुसत्या बसून राहिलेल्यांना नाही. झालं, वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण ही अधिकारी माकडं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. आधीपासून भराभर कळ दाबणारी होती, म्हणूनच त्यांना ते पद मिळालं होतं. पुढे जे वाइस या संशोधकाने उंदरांवर नीट प्रयोग केले तेव्हा उलटं दिसलं. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, त्यांचेच अल्सर जास्त.

माणसांचं काय? लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली, तोच गाजलेला व्हाइटहॉल अभ्यास. हे सगळे पुरुष, नोकरी पक्की, कुणी उपाशी नाही. तरी मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांना आढळलं, की शिपायांच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त आहेत. मधल्या श्रेणी मध्येच, पायरीपायरीने. ‘खालचे लोक विड्या फुंकतात म्हणून,’ असं कुणी म्हणेल. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं, तरी निम्मा फरकही भरून निघेना. १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, यात बायकाही होत्या, एकूण १०,३०८ जण. आपलं काम कसं, कधी करायचं यात ज्यांचं फारसं चालत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला. अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही. बालपणीच्या हलाखीचाही वाटा असतो. पण साहेबांच्या ताणाची कीव करण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही.

कुठल्याही जुन्या कार्यालयात केबिनबाहेरच्या स्टुलाकडे पाहा. साहेबांसमोर फायलींचा ढीग असतो, पण मीटिंग पुढे ढकलायची की चहा आधी घ्यायचा, हे तेच ठरवतात. बाहेरच्या शिपायाने डबा उघडला, पहिला घास मोडला आणि बेल वाजली. डबा झाकून तो आत. काम काय, तर खिडकी लावायची. काम हलकं आहे, हे खरंच. पण ती बेल पुन्हा कधी वाजेल, हे त्याच्या हातात नाही.

पण म्हणून ‘कामाच्या तासांनी कुणी मरत नाही’ म्हणणंही साफ खोटं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करण्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने ७ लाख ४५ हजार माणसं गेली.

मग कंपनी योगाचा तास ठेवते, ध्यानाचं ॲप देते, मन खंबीर करण्याची कार्यशाळा घेते. त्याने ताण उतरतो का? ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची उत्तरं संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी तपासली (२०२४). असे उपक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. योग वाईट नाही, पण ड्युटीचा तक्ता तसाच ठेवून वर्ग घेणं स्वस्त पडतं, एवढंच.

आणि तक्त्यातले तासच वाढले तर? महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती हवी. कंत्राटावरच्या पोराला सुपरवायझरने संमतीचा कागद पुढे केला, तर सही न करण्याची त्याची किती ताकद आहे, हे कागदावर लिहिलेलं नसतं.