सांतियागोच्या कोठड्या

फोर्ट सांतियागोचा दगड करडा-पिवळट आहे आणि त्याला सगळीकडे बारीक छिद्रं आहेत. माझं आयुष्य वसईच्या किल्ल्याच्या आसपास गेलं. शाळेत इतिहास शिकवायची, तेव्हा मुलांना घेऊन त्या काळ्या पाषाणाच्या तटावरून कितीदा तरी चालले. त्यामुळे मनिलाच्या या किल्ल्यात शिरताना आधी हात गेला तो भिंतीकडे. ज्वालामुखीची राख थरावर थर साचून घट्ट होते, तेव्हा हा दगड तयार होतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्यावर राहिला की कठीण होत जातो. पासिग नदीच्या वरच्या अंगाला ग्वादालुपे इथे त्याच्या खाणी होत्या. तिथून तो होड्यांत भरून नदीच्या मुखापर्यंत आणला जाई.

नदीच्या मुखावरचं हे टोक स्पॅनिशांच्या आधीही मोक्याचंच होतं. इथे सुलेमान या मुस्लिम राजाचा लाकडी ओंडक्यांचा आणि मातीचा कोट होता, त्यावर तोफाही होत्या. १५७० मध्ये स्पॅनिशांनी त्यावर हल्ला केला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा सेनानी लेगास्पी याने त्याच जागी मनिला शहराची स्थापना जाहीर केली. पहिला स्पॅनिश किल्लाही लाकडाचाच होता. १५७४ मध्ये लिमाहाँग हा चिनी चाचा मोठं आरमार घेऊन चालून आला आणि लाकडी भिंतींचा भरवसा धरण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. दगडाचा किल्ला आणि शहराभोवतीचा तट यांचं मोठं काम झालं ते गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास याच्या कारकिर्दीत, १५९० ते १५९३ या काळात. हे नाव लक्षात ठेवा. वसईकरांचा त्याच्याशी संबंध आहे, तो पुढे सांगते.

किल्ला तसा लहान. साधारण त्रिकोणी, घेर जेमतेम ६२० मीटर. भिंती २२ फूट उंच आणि ८ फूट जाड. उत्तरेला पासिग नदी, दक्षिणेला शहराकडे तोंड केलेली वेस आणि तिच्यापुढे पाण्याचा खंदक. पश्चिमेला एके काळी समुद्र तटाला टेकायचा. अमेरिकन अमलात भराव घालून बंदर बांधलं गेलं आणि समुद्र दूर गेला. नदीकडच्या तटावर उभं राहिलं की पलीकडे बिनोंदो दिसतं. १५९४ मध्ये वसवलेली ही चिनी वस्ती जगातल्या सर्वांत जुन्या ‘चायनाटाउन’पैकी एक. चिनी व्यापाऱ्यांशिवाय मनिलाचं पानही हलत नसे. त्यांचं रेशीम आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावरचं सुती कापड इथून गलबतांत भरून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला जाई आणि परत येताना चांदी येई. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं हा व्यापार चालला. त्याच चिन्यांचा स्पॅनिशांना धाकही वाटे. म्हणून त्यांचा बाजार तटाबाहेर, पण तोफेच्या टप्प्यात ठेवला होता.

वेशीच्या कमानीवर एक कोरीवकाम आहे: घोड्यावर स्वार झालेले संत सांतियागो आणि टापांखाली पडलेले मूर. स्पेनमधल्या मुस्लिम राजवटींविरुद्धच्या लढायांमधून संताचं हे रूप आलं. एका मुस्लिम राजाचा कोट जिथे जाळला, त्याच जागेवर हे चित्र मुद्दाम लावलं गेलं, हे इतिहासाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला दिसेल. आज दिसते ती वेस मात्र नव्याने बांधलेली. मूळची दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली आणि १९८०च्या दशकात पुन्हा उभारण्यात आली.

माझी भाची मनिलात डॉक्टरकी शिकते. तिच्याकडे गेले होते, म्हणूनच हा किल्ला बघायचा योग आला. वेशीतून आत शिरताना तिने विचारलं, “मावशी, तोफा बघायच्या का आधी?” किल्ल्यात गेल्यावर आपण सगळे तेच करतो. बुरूज मोजतो, तोफांवर हात फिरवतो, तटावर चढून वारा खातो. मी तिला म्हटलं, आधी कोठड्या बघू. फोर्ट सांतियागोत येऊन कोठड्या पाहिल्या नाहीत, तर काहीच पाहिलं नाही असं मला वाटतं. इथे आलेल्या एकाहून अधिक सत्तांनी या किल्ल्याचा तुरुंग केला आणि फिलिपिनो लोकांनी त्याचं स्मारक केलं ते तिथल्या कैद्यांचं. जिंकणाऱ्याने बांधलेल्या वास्तूत हरलेल्यांची बाजू मांडायची, हे या स्मारकाने मनापासून केलेलं आहे.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध कैदी डॉ. होसे रिझाल. १८६१चा जन्म. डोळ्यांचा डॉक्टर, पॅरिस आणि हायडेलबर्ग इथे नामांकित तज्ज्ञांच्या हाताखाली शिकलेला. पुढे स्वतःच्या आईच्या डोळ्यांवरही त्यानेच शस्त्रक्रिया केली. ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या दोन कादंबऱ्यांत त्याने स्पॅनिश राजवट आणि तिच्या आडोशाने माजलेले धर्मगुरू यांचं जे चित्र काढलं, ते सत्तेला सोसलं नाही. १८९२ च्या जुलैत त्याने एक सनदशीर संघटना काढली. काही दिवसांतच त्याला अटक होऊन तो या किल्ल्यात आला. इथून त्याला मिंदानाओ बेटावरच्या दापितानला हद्दपार करण्यात आलं. तिथल्या चार वर्षांत त्याने दवाखाना चालवला, शाळा काढली, गावात पाणी आणलं.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये सशस्त्र उठाव सुरू झाला. रिझालचं मत होतं की लोकांची तयारी झालेली नाही, रक्त फुकट सांडेल. क्युबात सैन्याचा डॉक्टर म्हणून जाण्याची परवानगी मिळवून तो निघालाही होता. त्याला वाटेतच अटक झाली, बार्सिलोनात मोंजुइकच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथून परत मनिलाला आणलं. ३ नोव्हेंबर १८९६ ला तो पुन्हा सांतियागोत होता. स्पेनमधल्या किल्ल्यातून स्पेनच्याच दुसऱ्या किल्ल्यात. उठावाला विरोध करणारं निवेदन त्याने कोठडीतून लिहून दिलं, पण सरकारने ते छापलं नाही. २६ डिसेंबरला लष्करी न्यायालयापुढे खटला चालला, तो एका दिवसात आटोपला. ३० डिसेंबरला सकाळी गोळ्या घातल्या.

त्याचं संग्रहालय इथल्या जुन्या बराकीच्या पुन्हा बांधलेल्या भागात आहे. शेजारी त्याच बराकीचे पडके अवशेष तसेच ठेवलेत, आणि ते ठेवले हे फार बरं केलं. आत कोठडीची खोली आहे, त्याच्या वापरातल्या वस्तू आहेत, आणि त्याची शेवटची कविता आहे. ही कविता त्याने स्पॅनिशमध्ये लिहिली. तिला शीर्षक नव्हतं, खाली सहीही नव्हती. मृत्यूच्या आदल्या दिवशी घरची माणसं भेटायला आली, तेव्हा स्पिरिटवर चालणारी छोटी शेगडी त्याने बहिणीला, त्रिनिदादला, द्यायला सांगितली आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत हळूच म्हणाला की आत काहीतरी आहे. घरी जाऊन पाहिलं, तर बारीक अक्षरांत लिहिलेला, घडी घातलेला कागद निघाला. फिलिपिन्समधल्या शाळकरी मुलांना हा प्रसंग पाठ असतो. १९५६ च्या कायद्याने रिझालचं जीवन आणि साहित्य तिथल्या शिक्षणात सक्तीचं झालं आहे.

एका काचपात्रात त्याच्या पाठीचा एक मणका आहे, गोळीने टवका उडालेला. मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकले नाही. भाची मात्र वाकून बघत राहिली. तिच्या वर्गात हाडं रोजची आहेत; पण एका डॉक्टरचं हाड, तेही सरकारने मारलेल्या डॉक्टरचं, तिने कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “गोळ्या कोणी झाडल्या? स्पॅनिश सैनिकांनी?” नाही. झाडणारे स्पॅनिश सैन्यातले फिलिपिनो शिपाई होते आणि त्यांनी कच खाल्ली तर म्हणून मागे स्पॅनिश सैनिकांची दुसरी रांग बंदुका रोखून उभी होती. रिझालने समोरून गोळ्या घ्यायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. तेव्हा शेवटच्या क्षणी त्याने अंग वळवलं आणि तो आकाशाकडे तोंड करून पडला.

कोठडीपासून वेशीकडे जाणाऱ्या वाटेवर फरशीत धातूची पावलं बसवली आहेत. त्या सकाळी तो इथून, जिथे गोळ्या घातल्या त्या बागुंबायानच्या मैदानापर्यंत पायी गेला, त्याची ही खूण. लोक त्या पावलांवर आपली पावलं ठेवत चालतात, लहान मुलं उड्या मारत जातात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलं अशीच शिकतात.

नदीच्या बाजूचा सांता बार्बारा बुरूज बघण्याआधी जरा मन घट्ट करावं लागतं. त्याच्या पोटात दारूगोळा ठेवायला बांधलेल्या तळखोल्या आहेत. नदी लागूनच, त्यामुळे ओल फार. दारूला ती जागा मानवली नाही, म्हणून तिथे माणसं ठेवली. अरुंद पायऱ्या, डोक्याला लागेल असं छत, वाऱ्याला वाट नाही. १८९८ मध्ये स्पॅनिश झेंडा उतरला, अमेरिकन आले. १९४२ मध्ये जपानी आले आणि किल्ला केंपेताय या जपानी लष्करी पोलिसांच्या हाती गेला. १९४५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन फौजा मनिलात शिरल्या. महिनाभर चाललेल्या त्या लढाईत सुमारे १ लाख नागरिक मारले गेले. किल्ला ताब्यात आला, तेव्हा बुरुजाच्या तळखोल्यांत सुमारे ६०० प्रेतं सापडली. कोंडून घातलेल्या माणसांना तिथेच सोडून दिलं होतं. जवळच एका पांढऱ्या क्रॉसखाली त्या सगळ्यांना एकत्र पुरलं आहे. त्यावरच्या मजकुरातही आकडा अंदाजानेच दिलेला आहे.

मला इथे एक उणीव जाणवली आणि ती सांगते. रिझालची एकेक वस्तू जपली, ती जपायलाच हवी होती. पण या सहाशे जणांपैकी ज्यांची ओळख आज ना उद्या कागदपत्रांतून पटू शकेल, त्यांच्या नावांची एक भिंत त्या क्रॉसजवळ असायला हवी. ती माणसं जाऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्यांची नातवंडं याच शहरात असतील.

बराकीच्या पडक्या भिंतींमध्ये एक खुलं नाट्यगृह आहे. त्याला राजा सुलेमानचं नाव दिलंय. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘पेटा’ ही नाट्यसंस्था इथेच प्रयोग करायची. हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या वर्षांत, जेव्हा बोलायची चोरी होती, तेव्हा या पडक्या भिंतींत तिची नाटकं होत राहिली. नाटकासाठी जीव टाकणाऱ्या मराठी माणसाने इथे घटकाभर बसावंच.

आपल्या लोकांच्या खुणाही या किल्ल्याच्या इतिहासात आहेत. पानिपतनंतरच्या पुढच्याच वर्षी, १७६२ मध्ये, ब्रिटिशांनी मनिला जिंकली. ते आरमार मद्रासहून निघालं होतं आणि त्यात कंपनीचे हिंदी शिपाई होते. १७६४ पर्यंत फोर्ट सांतियागोवर ब्रिटिश झेंडा होता. परत जाताना काही शिपाई मागेच राहिले आणि मनिलाच्या पूर्वेला काइन्ता गावात स्थायिक झाले. त्यांचे वंशज तिथे आजही आहेत. ते गाव ज्या प्रांतात येतं, त्या प्रांताला आज रिझालचंच नाव आहे.

आणि गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मनिलाला आला आणि फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला. त्या वेळी वसई पोर्तुगीजांची आणि मनिला स्पॅनिशांची असली, तरी १५८० पासून दोन्हींचा राजा एकच होता, दुसरा फिलिप. १५९३ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे मनिलाहून जे शिष्टमंडळ गेलं, त्यात दुभाषा म्हणून गोन्सालो होता. ते पाठवणारा गव्हर्नर होता दास्मारिन्यास, हा दगडी तट उभा करणारा. गोन्सालो जहाजावर चढला, त्या दिवसांत हे दगड नुकतेच रचलेले असणार. चार वर्षांनी, ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये चर्चने त्याला संतपद दिलं. वसईत गास गावी त्याच्या नावाचं चर्च आहे, त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

मनिलाच्या तटाच्या आत फ्रान्सिस्कनांचं मोठं चर्च आणि मठ होता. १९४५ च्या बाँबवर्षावात तो गेला. तटाच्या आतल्या चर्चपैकी सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं. मठाच्या जागेवर आता मापुआ विद्यापीठ आहे, इंजिनीअरिंगसाठी नावाजलेलं. फोर्ट सांतियागोपासून तिथे पायी जाता येतं. वसईहून कुणी मनिलाला गेलं, तर किल्ला बघून झाल्यावर तिकडेही एक चक्कर मारावी. दुपारचं ऊन फार असतं, म्हणून किल्ल्यात सकाळीच शिरावं आणि रिझालच्या खोल्यांना भरपूर वेळ द्यावा.