आईचा प्रवास साडेसहा तासांचा?

मैत्रिणींनो, माझी फजिती सांगते. हसलात तरी चालेल, पण लक्षात ठेवा!

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई न्यू जर्सीला निघाली. वय चौसष्ट, मधुमेह, विमानात पहिल्यांदाच, आणि तीही एकटी. तिकिटावर लिहिलं होतं : मुंबई, सोमवार पहाटे २, न्यू यॉर्क, सोमवार सकाळी ८.३०. मी बोटांवर मोजून म्हटलं, "अगं, साडेसहाच तास! आपली वंदे भारत सोलापूरहून मुंबईला जायला एवढाच वेळ घेते." आईला केवढा धीर आला! तिने शेंगाचटणी-दशमीचा एक डबा आणि एका वेळच्या गोळ्या पर्समध्ये ठेवल्या. बाकीची औषधं मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात.

संध्याकाळी माझी सातवीतली लेक म्हणाली, "पण आई, मावशीकडे तर आत्ता सकाळ आहे ना?" मी गप्पच! शाळेत मुलींना रेखावृत्तं शिकवणारी मी!

तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. न्यू यॉर्कचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. ते साडेनऊ मिळवा, म्हणजे खरा प्रवास सोळा तासांचा! अंतर सरळ मोजलं तरी सुमारे १२,५०० किलोमीटर.

'सरळ' म्हणजे कसं, ते पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. दोरा समुद्रावरून आडवा न जाता उत्तरेला चढतो आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरतो. प्रत्यक्षात वारा आणि बंद आकाशमार्ग पाहून विमान वाट बदलतं. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी.

तरी हे दिवस सुखाचे म्हणायचे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा करत १० तारखेला पोचलं!

मग आम्ही बॅगा पुन्हा उघडल्या. तुमच्या घरून कुणी निघालं, तर एवढं कराच :

सोमवारी पहाटे दोनचं विमान म्हणजे रविवारी रात्रीच विमानतळावर हजर. इथे पुष्कळजण चुकतात.

औषधं, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, आणि दोन-चार दिवसांची जास्त. गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांनाच विचारा.

मधूनमधून उठून चालायचं, पाणी प्यायचं; नाहीतर पाय सुजतात.

आईला मी दोन घड्याळं दिली. एक तिकडच्या वेळेचं, एक सोलापूरचं. पोचल्यावर तिचा फोन आला : "गोळ्या वेळेवर घेतल्या गं. पण सोलापूरचं घड्याळ काही काढवत नाही हातातून."