शिकाऊ स्वार आणि विम्याचा कागद

डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत आता मोटारसायकल पोहोचली आहे. घरचा मुलगा ती शिकू लागतो आणि आठ दिवसांत थेट अहमदाबाद महामार्गावर नेतो. “अजून शिकतोच आहे, विम्याचे मग बघू,” असे आपण म्हणतो. हे बरोबर नव्हे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. चालवणारा शिकाऊ असो की पटाईत. या सक्तीच्या विम्यातून आपल्या गाडीची दुरुस्ती होत नाही. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याला भरपाई मिळते. जुनी गाडी घेताना विम्याची मुदत आधी पाहावी.

मग शिकाऊ परवान्यावर विमा लागू पडतो का? पडतो. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला. पण परवानाच नसलेल्याच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली, तर? जखमी माणसाला पैसे कंपनी देईल, परंतु न्यायालयाच्या हुकुमाने ते मालकाकडून वसूल करील. त्या पायी भाताचे खाचरसुद्धा विकायची पाळी येईल.

तेव्हा आधी शिकाऊ परवाना काढावा. त्याची मुदत ६ महिने असते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर लावावे. मागे बसेल तो परवाना असलेला शिकवणाराच, दोस्तमंडळी नव्हेत. गुरुजींनी वरच्या वर्गांत एवढे जरूर सांगावे.