लेक नर्स झाली, आता एजन्सीची सही जपून

पोटाला चिमटा घेऊन तुम्ही लेकीला एएनएम, जीएनएम केलेत. आता शहरातून एजन्सीचा निरोप येतो, "सहा महिन्यांची ड्युटी आहे, लगेच या." काम वाईट नाही, अनुभव मिळतो. पण रुग्णालय एक आणि पगार देणारा दुसरा, हे ध्यानात घ्या. ऊसतोडीत कारखाना आणि मुकादम असतो, तसेच हे.

आधी लेखी नेमणूकपत्र मागा. त्यात पगार, मुदत, पाळीचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि राहण्याची सोय लिहिलेली असावी. मूळ प्रमाणपत्रे देऊ नका, झेरॉक्स द्या. अनामत मागणाऱ्याला लांबूनच रामराम!

अडत्याकडून आपण हिशेबपट्टी घेतो, तशी दरमहा पगारचिठ्ठी घ्या. पीएफ सर्वसाधारणपणे १२ टक्के कापतात. तेवढाच वाटा मालकाचा. तोही लेकीच्याच पगारातून कापत नाहीत ना, हे पाहा. यूएएन क्रमांक जपा, नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय विम्याची चौकशी करा.

एजन्सीने पगार बुडवला तर कायद्याने जबाबदारी रुग्णालयावर येते. पण त्यासाठी हजेरीची नोंद आपल्याजवळ हवी. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करावी.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवा आणि काम संपताच अनुभवाचा दाखला घ्या. पुढच्या भरतीला तोच कामी येतो.

ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनीही अशी करारपत्रे पालकांना वाचून दाखवावीत. मात्र सहीआधी, नंतर वाचून काय उपयोग?